मुलांसाठी पुस्तके निवडताना
आपण मुलांसाठी प्रथमच पुस्तके घेत असाल, तर मुखपृष्ठावर छापलेल्या वयोगटावर फार विसंबू नये. त्याऐवजी मुलाला मधलेच एखादे पान मोठ्याने वाचायला द्यावे आणि अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मुडपायला सांगावे. एकाच पानावर पाचही बोटे मिटली, तर ते पुस्तक तूर्त आपणच वाचून दाखवणे बरे. गोष्टीच्या पुस्तकात मी आधी संवाद पाहतो, कारण ज्या कथेतली मुले मोठ्या माणसांसारखा उपदेश करतात, ती दुसऱ्या पानावरच हातातून सुटते. विज्ञानाचे पुस्तक मात्र कसून तपासावे. प्लूटोला २००६ मध्ये बटुग्रह ठरवण्यात आले, तरीही नऊ ग्रह मोजणारी पुस्तके कपाटांत आढळतात. गोड चव फक्त जिभेच्या टोकाला कळते असे दाखवणारी आकृतीही तशीच चुकीची आहे (मीही ती वर्षानुवर्षे खरी मानत होतो). वाचनकौशल्याच्या पुस्तकांत उताऱ्यांपेक्षा त्यांखालचे प्रश्न वाचावेत. ‘सशाने काय खाल्ले?’ याचे उत्तर ओळीतून उचलता येते, पण ‘ससा वाटेतूनच परत का फिरला असेल?’ यासाठी मुलाला थांबून विचार करावा लागतो. असे प्रश्न ज्यात अधिक असतील, ते पुस्तक घ्यावे.