पहिल्यांदा मुंबईला निघालास, तर एवढं लक्षात ठेव

भाऊ, दोन दिवसांत बारा जागा बघायची यादी केलीस, ती आधी फाड. पहिल्या खेपेला सगळे हीच चूक करतात आणि अर्धी मुंबई टॅक्सीच्या खिडकीतूनच पाहून परततात.

विदर्भ एक्सप्रेस तुला सकाळी सीएसएमटीलाच, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस स्टेशनावर उतरवते. बॅग क्लोकरूममध्ये ठेव, रस्ता ओलांड आणि मागे वळून स्टेशनची इमारत नीट बघ. २००४ पासून ती जागतिक वारसा आहे, आणि आपली माणसं खाली मान घालून तिथून निघून जातात! पहिला दिवस एवढ्याच भागाला दे: गेटवे ऑफ इंडिया, जवळचं वस्तुसंग्रहालय, संध्याकाळी मरीन ड्राइव्ह. कठड्यावर बसून सूर्य समुद्रात बुडताना बघ. आपल्याकडे तो तुरीच्या शेतामागे जातो, इथं पाण्यात.

घारापुरीची लेणी दुसऱ्या दिवशी. गेटवेवरून लाँचने तासभर लागतो. सोमवारी लेणी बंद असतात, मी नेमका सोमवारी गेलो होतो. पावसाळ्यात लाँचचा भरवसा नाही.

लोकलचं मात्र नीट ऐक:
- सकाळी अकरापर्यंत आणि संध्याकाळी पाचनंतर चढू नको, लहान लेकरं असतील तर मुळीच नाही.
- डब्यावर तिरपे पट्टे दिसले तर आधी पाटी वाच. तो फर्स्ट क्लास किंवा बायकांचा डबा असतो, दंड बसतो.
- फास्ट गाडी सगळीकडे थांबत नाही, विचारूनच बस.

चालायची सवयीची चप्पल घाल, नवे बूट नको. बाकीचं दुसऱ्या खेपेला सांगतो.