ताडोबाजवळचा रिसॉर्ट सोडून गुलमर्गच्या स्की हॉटेलात जनसंपर्काचं काम घेतलं, तर रोज काय करावं लागेल? (मी चिमूर तालुक्यातला)

सकाळी स्कीच्या लिफ्ट सुरू व्हायच्या आत बर्फाचा अहवाल पाहुण्यांना आणि ट्रॅव्हल एजंटांना पोचवणं, हेच रोजचं मुख्य काम. फोटो, पत्रकार, तक्रारी त्यामागून. अहवालात २४ तासांत पडलेला ताजा बर्फ सेंटीमीटरमध्ये, जमिनीवरचा एकूण थर, वारा, तापमान आणि गोंडोलाचे (केबल कारचे) सुरू टप्पे द्यायचे. ताजा बर्फ पांढऱ्या फळीवर पट्टी उभी धरून मोजतात आणि फळी लगेच पुसतात. फळी उघड्यावर ठेवली की वारा एका कडेला ढीग लावतो, दुसरी कडा कोरडी, आणि आकडा खोटा पडतो. म्हणून ती आडोशालाच हवी. ताडोबात ‘वाघ दिसणारच’ असं छापत नाहीत (निदान छापू नये), तसंच इथे ‘उद्या नक्की बर्फ’ लिहू नका. मागच्या वर्षीचा फोटो तर नकोच. पाहुण्याला खिडकीतून पिवळं गवत दिसतं आणि तो तिथूनच रिव्ह्यू ठोकतो. गोंडोला जम्मू-काश्मीरच्या केबल कार कॉर्पोरेशनचा आहे. वारा वाढला की वरचा, अफरवटचा टप्पा बंद ठेवतात. त्यांच्याकडून कळल्याशिवाय काही जाहीर करू नका. फक्त करार किती महिन्यांचा ते आधी विचारा, कारण स्कीचा हंगाम साधारण डिसेंबर ते मार्च. त्यानंतर परतलात तरी ताडोबाचा एप्रिल-मेचा धंदा हाती लागतो, तिथला कोअर (जंगलाचा गाभा) ३० जूनपर्यंत सुरू असतो. आणि सिम पोस्टपेड करून न्या; आपल्याकडचं प्रीपेड काश्मीरमध्ये चालत नाही.