ताप आला की फेनिलअलानिन का वाढतं?

प्रश्न : आमची मुलगी चार वर्षांची, पीकेयूची (फेनिलकीटोन्युरिया : प्रथिनांतलं फेनिलअलानिन हे अमिनो आम्ल शरीराला नीट मोडता न येण्याचा जन्मजात विकार). आहार मोजूनमापून देतो. तापात तीन दिवस तिने जवळपास काहीच खाल्लं नाही, तरी फेनिलअलानिन 290 वरून 640 मायक्रोमोलवर गेलं. हे आलं कुठून?

उत्तर : तिच्या स्वतःच्या स्नायूंतून. शरीर रोज जुनी प्रथिनं मोडतं आणि नवी बांधतं. प्रौढांत ही उलाढाल दिवसाला 250 ते 300 ग्रॅमच्या घरात जाते, म्हणजे जेवणातल्या प्रथिनांच्या कितीतरी पट. ताप आला, अन्न तुटलं की मोडण्याचं पारडं जड होतं. एक ग्रॅम प्रथिनातून साधारण 50 मिलीग्रॅम फेनिलअलानिन सुटतं. स्नायूंतलं 10 ग्रॅम मोडलं की झाले 500 मिलीग्रॅम. क्लासिक, म्हणजे तीव्र पीकेयूच्या लहान मुलाला अख्ख्या दिवसात बहुधा 200 ते 500 मिलीग्रॅमच चालतं. फेनिलअलानिनचं टायरोसिन (दुसरं एक अमिनो आम्ल) करणारं यकृतातलं विकर निकामी, म्हणून ते रक्तात साचतं.

तेव्हा ‘प्रथिनं बंद केली की पातळी उतरेल’ हा हिशेब तापात उलटा पडतो. कॅलरी पोटात जाऊ द्या : साखर घातलेली पेयं, फळांचा रस. फॉर्म्युला (फेनिलअलानिन वगळलेलं खास अमिनो आम्लांचं पेय) तर थांबवूच नका, नवं प्रथिन बांधायला लागणारी बाकीची अमिनो आम्लं त्यातूनच मिळतात. एका दमात जात नसेल तर दिवसभर घोट घोट द्या. नेहमीचं मोजलेलं प्रथिन समोर ठेवा, पण बळजबरी नको. भूक परतली की पूर्ण मात्रा. तापाच्या औषधाचं लेबलही वाचा, चघळायच्या किंवा विरघळणाऱ्या गोळ्यांत अ‍ॅस्पार्टेम असू शकतं आणि त्यातून फेनिलअलानिनच मिळतं.

तीन-चार दिवसांच्या 640 ने घाबरू नका. 120 ते 360 ची मर्यादा आठवडेच्या आठवडे ओलांडली जाणं खरं नुकसान करतं. बरी झाल्यावर पुन्हा तपासा, सकाळी फॉर्म्युला देण्याआधी, दर वेळी त्याच सुमारास. रक्त गोळा करायच्या कागदी कार्डावर एका वर्तुळात एकच मोठा थेंब घ्या. थेंबावर थेंब चढवला तर आकडा उगाच जास्त येतो.

(मेपल सिरप युरिन रोगातही, म्हणजे ल्युसिनसारखी अमिनो आम्लं नीट न मोडण्याच्या विकारातही, तापात असंच घडतं, पण तिथे वाढलेल्या ल्युसिनमुळे मेंदूला सूज येते. उलट्या आणि गुंगी दिसली की घरी थांबायचं नाही, तडक रुग्णालय.)

प्रश्न : मुलाला टायरोसिनेमिया टाइप 1 (टायरोसिन पूर्ण न मोडण्याचा जन्मजात विकार) आहे, त्यावरचं औषध निटिसिनोन चालू आहे. औषध असताना पथ्य कशाला?

उत्तर : कारण हे औषध बिघडलेली पायरी दुरुस्त करत नाही, तिच्या वरची पायरी बंद करतं. बिघाड टायरोसिन मोडण्याच्या शेवटच्या टप्प्यावर आहे. तिथे तुंबलेल्या मालातून सक्सिनिलअसिटोनसारखी द्रव्यं तयार होतात आणि यकृत, मूत्रपिंड खराब करतात. वरच अडवल्याने ती बनत नाहीत, मात्र टायरोसिन मागे साठत जातं. ते फार वाढलं तर डोळ्याच्या बुबुळात त्याचे स्फटिक जमतात : डोळे लाल, पाणी गळणं, उजेड सहन न होणं. फेनिलअलानिनचंही टायरोसिनच होतं, म्हणून पथ्य दोन्हींचं. डोळ्यांची तक्रार आली तर टायरोसिन तपासून आहार पाहा; औषध मनाने सोडू नका.

प्रश्न : पहिल्या बाळाला पीकेयू. दुसऱ्याला होईल का?

उत्तर : दर गरोदरपणात शक्यता 25 टक्के, पहिल्याला झाला म्हणून ती घटत नाही. डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा. दूध सुरू झाल्यावर, जन्मानंतर 24 ते 48 तासांच्या दरम्यान टाचेतून रक्त घेतलं जाईल.