वाचकांचे प्रश्न : संगणक बीप वाजवतो, पण सुरू होत नाही

प्रश्न : मानवतच्या मोंढ्यात आमचे अडत दुकान आहे. दुकानातला डेस्कटॉप संगणक बराच जुना असून शेतकऱ्यांच्या पट्ट्या, हमाली-तोलाईचा हिशोब आणि उचलीची खाती त्याच्यावरच आहेत. पाऊस सुरू झाल्यापासून बटण दाबले की पंखे फिरतात, परंतु पडदा काळाच राहतो आणि कॅबिनेटमधून लांब बीप थांबून थांबून वाजत राहते. दुरुस्ती करणाऱ्याने मदरबोर्ड गेल्याचे सांगून नवा संगणक घ्यायला सुचवले आहे. जुना हिशोब वाचेल काय, आणि दुकानातच काही करून पाहता येईल काय?
— एक अडत व्यापारी, मानवत, जि. परभणी

उत्तर : आपला हिशोब हार्ड डिस्कवर आहे आणि हा बिघाड हार्ड डिस्कपर्यंत पोहोचण्याआधीचा आहे, त्यामुळे त्याची चिंता तूर्त बाजूला ठेवावी. संगणकाला वीज मिळाली की मदरबोर्डवरील (सर्व भाग जिच्यावर जोडलेले असतात त्या मुख्य पाटीवरील) चिपमध्ये साठवलेला बायोस नावाचा प्रोग्राम प्रथम प्रोसेसर, मग रॅम (चालू कामाची तात्पुरती स्मृती), मग पडद्यावर चित्र दाखवणारा भाग अशी तपासणी करतो आणि ती पार पडल्यावरच हार्ड डिस्ककडे वळून विंडोज सुरू करतो. या तपासणीत रॅम किंवा डिस्प्ले अडला, तर पडद्यावर संदेश दाखवण्याची सोय नसते. म्हणून १९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीपासून बिघाड आवाजाने कळवण्याची पद्धत रूढ झाली. आपल्याला ऐकू येते ती तीच बीप होय. अशा वेळी कोणी 'फॉरमॅट मारून बघू' असे म्हटले तर स्पष्ट नकार द्यावा, कारण विंडोजचा या दोषाशी काहीही संबंध नाही.

मदरबोर्ड गेल्याचे निदानही मला घाईचे वाटते. बीप वाजवण्यासाठी प्रोसेसरला बायोसचा प्रोग्राम चालवावा लागतो, म्हणजे बीप येते आहे तोवर वीजपुरवठा, प्रोसेसर आणि मदरबोर्डचा मोठा भाग बहुधा शाबूत असतो. संपूर्ण मेलेला मदरबोर्ड सहसा आवाजच करत नाही.

आता आवाज नीट ऐकावा. किती बीप, लांब की आखूड आणि मध्ये किती खंड, हे कागदावर लिहून घ्यावे, कारण प्रत्येक कंपनीची बायोस आपापली खूण वाजवते. अवॉर्ड या कंपनीच्या बायोसमध्ये लांब बीप पुन्हा पुन्हा येत राहणे हा रॅमचा दोष समजतात, तर एक लांब आणि दोन आखूड हा डिस्प्लेचा. अनेक डेल संगणकांत दोन बीप म्हणजे रॅम सापडली नाही, चार म्हणजे रॅम वाचता-लिहिता येत नाही आणि पाच म्हणजे घड्याळाचा सेल संपला, असा अर्थ होतो. एकच आखूड बीप मात्र बहुतेक ठिकाणी 'सर्व ठीक' अशी असते. तशी येऊनही पडदा काळा असेल तर मॉनिटरची केबल तपासावी. वेगळे ग्राफिक्स कार्ड असताना केबल मदरबोर्डच्या सॉकेटमध्ये खोचलेली, हा प्रकार साफसफाईनंतर फार दिसतो.

आपण केलेल्या वर्णनावरून पहिला संशय रॅमवर, त्यातही रॅम खराब होण्यापेक्षा तिचे संपर्क मळण्यावर जातो. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४२ अंशांच्या वर जातो, यंत्र दिवसभर तापते आणि रात्री निवते. या प्रसरण-आकुंचनाने रॅमची पट्टी खाचेत किंचित सैल होते. त्यात मोंढ्यातली धूळ आणि सरकीच्या हंगामातले कापसाचे तंतू पंख्यावाटे आत ओढले जाऊन साचतात, आणि पहिल्या पावसाची दमट हवा लागली की तो थर ओल धरतो. उन्हाळाभर चालणारे यंत्र जूनमध्ये अचानक अडून बसते, त्यामागे बऱ्याचदा एवढेच कारण असते.

काम सुरू करण्याआधी संगणक बंद करून वीजेची वायर भिंतीतून काढावी, नुसते बटण बंद करून भागवू नये. त्यानंतर सुरू करण्याचे बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरावे, म्हणजे बोर्डवर उरलेली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या उघड्या, रंग नसलेल्या पत्र्याला हात लावून अंगावरची स्थिर वीज उतरवावी. चालू असताना कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर दुकानाची अर्थिंग नाही किंवा तुटलेली आहे असे समजावे. रॅमची साफसफाई झाली तरी हे दुखणे तसेच राहील, म्हणून वायरमनला बोलावून ते आधी दुरुस्त करून घ्यावे.

रॅमच्या पट्टीच्या टोकांची पकड बाहेर ढकलली की पट्टी आपोआप वर येते. खालच्या कडेवरचे सोनेरी संपर्क उजेडात धरून पाहावेत. त्यांवर काळपट किंवा पांढुरकी छटा दिसेल. पेन्सिलीचे मऊ पांढरे खोडरबर त्यांवरून हलक्या हाताने एका दिशेने फिरवावे, निघालेला चुरा ब्रशने झटकावा आणि मिळाल्यास आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेल्या स्वच्छ कापडाने कडा पुसून पूर्ण वाळू द्यावी. शाई खोडण्याचे खरखरीत रबर किंवा पॉलिश पेपर कदापि वापरू नये, कारण सोन्याचा थर अत्यंत पातळ असतो आणि तो एकदा गेला की खालचा धातू लवकर गंजतो. खाचेतली धूळ कोरड्या रंगाच्या ब्रशने काढावी. तोंडाने फुंकर घातली तर थुंकीचा ओलावा नेमका तिथेच जातो. ब्लोअर वापरणार असाल तर पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत.

पट्टी परत बसवताना तिच्या कडेवरची चीर आणि खाचेतला उंचवटा जुळतात की नाही ते पाहावे आणि दोन्ही टोकांवर सारखा दाब देऊन पकड 'खट्ट' अशी लागेपर्यंत बसवावे. अर्धवट बसलेली पट्टी वरून पाहता पूर्ण बसल्यासारखीच वाटते, आणि साफ करूनही बीप थांबली नाही अशी तक्रार पुष्कळदा त्यामुळेच येते. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून संगणक सुरू करावा. तीच पट्टी दुसऱ्या खाचेतही लावून पाहावी. एकीने चालतो आणि दुसरीने अडतो, तर दोष त्या दुसरीत आहे. दोन्ही पट्ट्या एकाच खाचेत अडतात, तर दोष खाचेत आहे आणि दुसऱ्या खाचेवर काम भागू शकते. नवी पट्टी घ्यायची वेळ आली तर जुनी सोबत घेऊन जावी. डीडीआर ३ आणि डीडीआर ४ या रॅमच्या वेगवेगळ्या पिढ्या आहेत; डीडीआर ३ च्या पट्टीला २४० आणि डीडीआर ४ च्या पट्टीला २८८ पिना असतात, चीरही वेगळ्या जागी असते, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसत नाही. जोर केल्यास खाच मात्र फुटते.

एवढे करूनही बीप राहिली तर ग्राफिक्स कार्ड असल्यास तेही काढून, पुसून पुन्हा बसवावे. कीबोर्ड सोडवून एकदा सुरू करून पाहावे. अडकलेल्या कळीमुळेही काही संगणक बीप वाजवतात. त्यानंतर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा सेल वीज बंद असताना काही मिनिटे काढून ठेवावा. जुन्या यंत्रात तो बदलणेच बरे, पण बदलल्यावर तारीख-वेळ आठवणीने दुरुस्त करावी, नाहीतर बँकेची आणि जीएसटीची संकेतस्थळे प्रमाणपत्राच्या चुकीची सूचना देऊन उघडेनाशी होतात.

मदरबोर्डवरील उभ्या नळकांड्यांसारख्या कपॅसिटरची डोकी सपाट असावी लागतात. ती फुगलेली किंवा चिकट दिसली तर मात्र दुरुस्तीवाल्याचे म्हणणे मान्य करावे. तसे झाल्यास हार्ड डिस्क काढून साटा-यूएसबी केबलने दुसऱ्या संगणकाला जोडावी आणि हिशोबाचे फोल्डर उतरवून घ्यावे. एसएमपीएसचा (संगणकाला वीज पुरवणाऱ्या भागाचा) डबा मात्र कोणत्याही कारणाने उघडू नये. त्यात २३० व्होल्टच्या विजेपासून सुमारे ३२५ व्होल्टचा दाब तयार होतो आणि वायर काढल्यानंतरही तो काही काळ टिकून असतो.

प्रश्न : मी सुटे भाग आणून संगणक जोडला आहे. पंखे फिरतात, पडदा काळा आहे, पण बीप मुळीच येत नाही. याचा अर्थ काय घ्यावा?
— एक विद्यार्थी, उदगीर, जि. लातूर

उत्तर : नव्या मदरबोर्डसोबत बीपचा छोटा स्पीकर बहुधा येत नाही, म्हणून शांततेवरून कोणताही निष्कर्ष काढू नये. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात तो अगदी स्वल्प किमतीत मिळतो. बोर्डवर 'स्पीकर' असे लिहिलेल्या चार पिनांवर तो बसवावा. काही बोर्डांवर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (डिस्प्ले) आणि बूट (विंडोज सुरू होणे) अशा चार बारीक दिव्यांची ओळ असते आणि अडलेल्या टप्प्याचा दिवा पेटून राहतो. ती सोय असेल तर स्पीकरची गरज नाही.

स्पीकर बसवल्यावर सगळी रॅम काढून संगणक सुरू करावा. आता बीप आली तर बोर्ड आणि प्रोसेसर काम करत आहेत, शोध रॅमकडे न्यावा. तरीही शांतता असेल तर प्रोसेसरजवळची ४ किंवा ८ पिनांची वेगळी वीजकेबल लावली आहे का ते पाहावे. नवशिके २४ पिनांची मोठी केबल लावतात आणि ही विसरतात. पंखे तरीही फिरत असल्याने संशय येत नाही. आपली रॅम डीडीआर ५ असेल तर पहिल्या वेळी बोर्ड तिची जुळवाजुळव करत असताना पडदा काही मिनिटे काळा राहू शकतो, तेवढा वेळ वीज बंद करू नये.

प्रश्न : आमच्या वाचनालयातला संगणक व्यवस्थित चालतो, पण वीज गेली की टेबलाखालून बीप वाजते आणि थोड्याच वेळात सर्व बंद पडते. रॅम साफ करावी काय?
— एक ग्रंथपाल, अंबाजोगाई, जि. बीड

उत्तर : रॅमला हात लावण्याची गरज नाही, ही बीप यूपीएसची, म्हणजे वीज गेल्यावर बॅटरीवर संगणक चालू ठेवणाऱ्या डब्याची आहे. वीज गेल्यावर सावकाश वाजणारी बीप ही केवळ सूचना असते, ती जलद झाली की बॅटरी संपत आल्याचे समजावे. आपल्याकडे ती लगेच संपते, म्हणजे आतली १२ व्होल्टची बॅटरी बदलायला झाली आहे. या लेड-ॲसिड बॅटऱ्यांचे आयुष्य २५ अंशांच्या वर दर दहा अंशांमागे साधारण निम्मे होते, म्हणून नवी बसवल्यावर यूपीएस पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीपासून दूर ठेवावा आणि प्रिंटर, विशेषतः लेझर प्रिंटर, त्याच्यावर जोडू नये.