तैवानचा संघ 'चायनीज तैपेई' का, आणि खेळाडूंना तो आपला वाटतो का?

तुमचे प्रश्न दोन आहेत. टोकियोत सिंधूला उपांत्य फेरीत हरवणारी ताई त्झू-यिंग तैवानची, मग तिच्या नावापुढे 'टीपीई' (चायनीज तैपेईचं लघुरूप) का? आणि असं लादलेलं नाव घेऊन खेळणाऱ्यांना तो संघ आपला कसा वाटतो?

पहिल्याचं उत्तर कागदोपत्री आहे. १९७९ मध्ये ऑलिंपिक समितीने बीजिंगला 'चीन' म्हणून परत घेतलं. १९८१ मध्ये लोझान इथे झालेल्या करारात तैवानची राजधानी तैपेई इथल्या समितीने 'चायनीज तैपेई' हे नाव आणि वेगळा पांढरा झेंडा मान्य केला. सुवर्णपदक मिळालं की राष्ट्रगीत वाजत नाही, ध्वजगीत वाजतं.

दुसऱ्या प्रश्नाकडे जाण्याआधी एक समज दूर करायला हवा. 'तैवान' हे नाव फक्त बीजिंगने हिरावलं, असं बहुतेकांना वाटतं. पण तेव्हा तैपेईच्या राज्यकर्त्यांनाच ते नको होतं! सगळा चीन आमचाच, हा त्यांचा दावा होता. १९६० मध्ये रोम ऑलिंपिकला 'फॉर्मोसा' (बेटाचं जुनं नाव) म्हणून उतरावं लागलं, तर संचलनात त्यांनी निषेधाची पाटी धरली. (त्याच स्पर्धेत डेकॅथलॉन या दहा प्रकारांच्या मैदानी शर्यतीचं रौप्य जिंकून बेटाला पहिलं ऑलिंपिक पदक मिळवून देणारा याँग च्वान-क्वांग अमिस या आदिवासी समाजाचा होता. 'खरा चीन कोण' या भांडणाशी त्याच्या पूर्वजांचा काय संबंध?) १९७६ मध्ये कॅनडाने तर सांगितलं, 'तैवान' म्हणून खेळा, झेंडा आणि राष्ट्रगीत तुमचंच ठेवा. संघ न खेळता परत गेला. आज अशी सवलत मिळाली, तर तैपेईत फटाके वाजतील.

मधल्या काळात माणसंच बदलली. तिथल्या चेंगची विद्यापीठाच्या पाहणीत स्वतःला 'फक्त तैवानी' म्हणवणारे १९९२ मध्ये पाचातला एकही नव्हते, आता ते ६० टक्क्यांच्या आसपास आहेत. नाव मात्र १९८१ चंच राहिलं.

मग बदलत का नाहीत? २०१८ मध्ये त्यावर सार्वमत झालं. पुढाकार होता १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमधली कांस्यविजेती धावपटू ची चेंग हिचा. ऑलिंपिक समितीने मान्यता जाण्याचा इशारा दिला. शिवाय त्याच जुलैत तायचुंगला मिळालेली पूर्व आशियाई युवा स्पर्धा बीजिंगच्या दबावाने काढून घेतली गेली होती. मग अनेक खेळाडूच 'नाव बदलू नका' म्हणून पुढे आले. होकार सुमारे ४५ टक्के, प्रस्ताव पडला. याला मी भित्रेपणा म्हणणार नाही. ज्याच्या वाट्याला आयुष्यात एखाद-दुसरं ऑलिंपिक येतं, त्याने ते इतरांच्या तत्त्वासाठी सोडावं, असं आपण घरी बसून कसं म्हणणार?

म्हणून आपलेपणा नावाच्या बाहेर शोधला गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये टोकियोत बेसबॉलच्या प्रीमिअर १२ स्पर्धेत त्यांनी जपानला अंतिम सामन्यात ४-० हरवलं. कर्णधार चेन चिए-श्येनने होम रन मारला आणि धावता धावता दोन्ही हातांनी जर्सीवरच्या कोऱ्या जागेभोवती चौकट दाखवली. इतर देशांच्या जर्सीवर तिथे देशाचं नाव असतं. त्याला काही बोलावं लागलं नाही, अख्ख्या बेटाला कळलं. संघ परतला तेव्हा विमानाला लढाऊ विमानांची सोबत होती.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला प्रेक्षकांकडून 'तैवान' लिहिलेली फडकी काढून घेतली गेली, तीही नेमकी बॅडमिंटनच्या सामन्यांना. तिथेच ली यांग आणि वांग ची-लिन यांनी पुरुष दुहेरीचं सुवर्ण राखलं, टोकियोसारखंच चीनच्या जोडीला हरवून. टोकियोच्या विजयानंतर ली यांगने फेसबुकवर ते पदक 'माझा देश तैवान' याला अर्पण केलं होतं. सप्टेंबर २०२५ पासून तो तिथला क्रीडामंत्री आहे, आणि त्याच्या कारकिर्दीतले संघही 'टीपीई' म्हणूनच जातात.