पाण्यात लायटनिंग बोल्ट पसरतो का? आणि डीएमशी वाद झाला तर काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. गणपतीला मालवणात घरी जमलेल्या पाच जणांचा डी अँड डीचा (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, फाशांवर चालणारा गोष्टीचा खेळ) डाव, त्यातले दोघे मुंबईहून आलेले. खेळात कॅरेक्टरांची (खेळाडूंच्या पात्रांची) सिंधुदुर्गासारख्या जलदुर्गाच्या तटाखाली पोहत पोहत मारामारी चालली होती. विझार्डने (जादूगार खेळणाऱ्याने) लायटनिंग बोल्ट, म्हणजे विजेचा स्पेल (मंत्र), टाकला आणि म्हणाला, पाण्यात वीज पसरते, सगळ्या शत्रूंना लागली पाहिजे. डीएम, म्हणजे खेळ चालवणारा आणि निवाडा करणारा, नाही म्हणाला. तासभर हुज्जत, आणि खेळ तिथेच मोडला.

आधी पुस्तक काय म्हणतं ते बघू. २०१४च्या प्लेअर्स हँडबुकात (खेळाच्या नियमपुस्तकात) लायटनिंग बोल्ट म्हणजे १०० फूट लांब, ५ फूट रुंद सरळ रेषा. डॅमेज ८डी६ (सहा बाजूंचे आठ फासे), डेक्स्टेरिटी सेव्ह (चपळाईने वाचण्याचा फासा) जमला तर निम्मा. पाण्याखालच्या लढाईचे नियम वेगळे दिलेत: पूर्ण बुडालेल्याला आगीचा डॅमेज निम्माच लागतो, पोहण्याचा स्पीड नसलेल्याला लांब तलवारीने मारताना डिसॲडव्हान्टेज (दोन फासे टाकून कमी आलेला धरायचा), पण खंजीर, भाला, त्रिशूळ यांना नाही. विजेबद्दल अवाक्षर नाही. तेव्हा डीएमचं उत्तर बरोबर होतं. विझार्डचं म्हणणंही पोकळ नव्हतं. आभाळ कडाडायला लागलं की पाण्यातून बाहेर यायचं, हे किनाऱ्यावरच्या पोराला शिकवावं लागत नाही. पण खेळातली वीज पुस्तकाच्या मोजमापाने चालते.

वाद चिघळला तो उत्तर उशिरा आल्यामुळे. खेळाडूने तिसऱ्या लेव्हलचा स्लॉट (स्पेल टाकायची मोजकी संधी) खर्च केला, डाइस टाकले, आणि मग त्याला कळलं की एकालाच लागणार. खेळाडूला नसलं, तरी खेळातल्या विझार्डला स्वतःचा स्पेल कसा चालतो हे ठाऊक असणारच. म्हणून डाइस हातात असतानाच डीएमने सांगावं: ‘पसरणार नाही, रेषेत एकच जण येतोय. तरी टाकतोस, की दुसरं काही करतोस?’ बदलायचं असेल तर बदलू द्यावं, स्लॉट शिल्लक राहील. या एका सवयीने निम्मे वाद उगवतच नाहीत.

तरी वाद झालाच तर घड्याळ लावा: दोन मिनिटं. खेळाडूने आपलं म्हणणं एकदा, दोन वाक्यांत मांडायचं. पुस्तक डीएमने उघडायचं नाही. ज्याचा टर्न (पाळी) लांब आहे त्याने शोधायचं, म्हणजे डीएमचं लक्ष बाकीच्यांवर राहतं. दोन मिनिटांत सापडलं तर तसं करा. नाही सापडलं तर डीएम म्हणेल ते, पण फक्त आजच्यापुरतं, आणि वहीच्या शेवटच्या पानावर एक ओळ लिहून पुढे चला. पुस्तक गप्प असेल आणि पारडं समसमान असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: त्या दिवशी कौल खेळाडूच्या बाजूने द्यावा. डीएमकडे राक्षसांची कमी नसते.

अपवाद एकच. कॅरेक्टरचा जीव जाणार असेल तर घड्याळ बाजूला ठेवा आणि नीट वाचा. समुद्रातल्या खेळात तर हे हमखास येतं. बरेच डीएम अंदाजाने तीन-चार राउंडमध्ये (सगळ्यांची एकेक पाळी म्हणजे एक राउंड) माणूस बुडवतात. नियमाप्रमाणे श्वास १ अधिक कॉन्स्टिट्यूशन मॉडिफायर (काटकपणाचा आकडा) इतकी मिनिटं धरता येतो, कमीत कमी ३० सेकंद. राउंड सहा सेकंदांचा. मॉडिफायर +२ असेल तर तीन मिनिटं, म्हणजे ३० राउंड. एवढा वेळ लढाईच चालत नाही. असा जीव अंदाजाने गेला तर तो खेळाडू पुन्हा बसायला येत नाही.

चूक नंतर लक्षात आली तर? त्याच राउंडमध्ये असाल तर मागे जा. पुढे गेला असाल तर घटना उलट्या फिरवू नका, नुसती भरपाई करा: स्लॉट परत द्या, हिट पॉइंट (जीवाचे गुण) परत द्या. मेलेला शत्रू मेलेलाच राहू दे.

तुमच्या गटात आणखी एक गोष्ट नक्की तपासा. मुंबईकर २०२४ची पुस्तकं वापरतात आणि गाववाले २०१४ची, असं तर नाही ना? दोघेही खरं बोलत असतात आणि तरी भांडतात. पोशन (औषधी काढा) पिणं २०१४मध्ये ॲक्शन (पाळीतली मुख्य कृती), २०२४मध्ये बोनस ॲक्शन (जोडीची छोटी कृती). बेसावध गाठलेल्याचा २०१४मध्ये पहिला टर्न वाया जातो. २०२४मध्ये त्याला इनिशिएटिव्हवर (पाळीचा क्रम ठरवणाऱ्या फाशावर) फक्त डिसॲडव्हान्टेज. ग्रॅपल (शत्रूला धरून ठेवणं) आधी समोरासमोरच्या फाशांनी ठरायचं, आता समोरचा सेव्ह करतो. आरती झाली, ताटं उचलली, की खेळाआधी पाच मिनिटांत एक आवृत्ती ठरवा.

वहीतल्या ओळींचा निकाल खेळ संपल्यावर लावा. पंधरा मिनिटं पुरतात. प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारायचा: उद्या शत्रूने हेच आपल्यावर केलं तर चालेल का? विजेचंच घ्या. टाकल्या जागेपासून २० फुटांपर्यंत पसरते असं ठरवलं, तर ती फायरबॉलएवढी (आगीच्या गोळ्याच्या स्पेलएवढी) झाली, आणि फायरबॉल पाण्यात निम्म्यावर येतो तशी ही येत नाही. शिवाय टाकणारा स्वतः पाण्यातच आहे, त्यालाही सेव्ह करावा लागेल. हे ऐकून विझार्ड बहुधा स्वतःच माघार घेईल. तरी सगळ्यांना हवंच असेल तर घ्या, पण तारीख घालून लिहा आणि पानाचा फोटो ग्रुपवर टाका. चाकरमानी पुढच्या वेळी शिमग्याला येतील, तोवर कुणाच्याच लक्षात राहणार नाही.

एकच माणूस दर खेळात अडत असेल तर मात्र वहीचा उपयोग नाही. बहुतेक वेळा त्याला आपलं कॅरेक्टर निकामी वाटत असतं. त्याला चौघांसमोर टोकू नका. पडवीत बाजूला बसून विचारा की आज तुझ्या कॅरेक्टरला काय करायचं होतं, आणि पुढच्या खेळात तशी एक जागा ठेवा.