लिस आल्मान हातमागावर विणायच्या की मिलसाठी डिझाइन करायच्या?

दोन्ही, पण आधी हातमाग. डेन्मार्कच्या या बाई (१८९४–१९७९) गेर्डा हेनिंगकडे विणकाम शिकल्या, मग फर्निचर डिझायनर कोरे क्लिंटच्या खुर्च्यांसाठी हाताने कापड विणलं, आणि १९५३ पासून दुसरे फर्निचर डिझायनर बॉर्गे मोगेनसेन यांच्यासोबत सी. ओलेसन या कापड कंपनीसाठी मशीनवर निघणारं कापड डिझाइन केलं. जुन्या डॅनिश फर्निचरची कव्हरं बदलायचं काम करतो म्हणून सांगतो, त्यांचं कापड म्हणजे साधे पट्टे नाहीतर चौकडी, रंग दबके, भडकपणा अजिबात नाही, सगळी मजा उभ्या-आडव्या धाग्याचे रंग एकमेकांवर चढतात त्यात (फोटोत हे कळतच नाही राव). फक्त सोफ्यावर त्यांचं डिझाइन दिसलं म्हणून ते हातमागाचंच धरू नका, १९५३ नंतरचं बरंचसं मिलचं आहे.